बेडूक कोणाला म्हणता राव?

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं! 'पोटेन्शियल खूप आहे', 'यंदा बजेटच टाइट आहे', 'पुढच्या सायकलला नक्की बघू'... ही वाक्यं आपल्याला आता शाळेच्या प्रार्थनेसारखी पाठ झाली आहेत. पण गेल्या सोमवारी मला जे ऐकवलं गेलं, ते आठ वर्षांच्या नोकरीत कोणी ऐकवलं नव्हतं.

आमचा मॅनेजर मराठीच, पण ऑफिसात इंग्लिश सोडून बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र त्याने लॅपटॉप मिटला, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून चक्क मराठीत म्हणाला, "रागावू नकोस, पण तू ना, कूपमंडूक होत चालली आहेस."

कूपमंडूक! म्हणजे विहिरीतला बेडूक. मी!

आता बॅकग्राउंड सांगते. आमचा क्लायंट जपानी. मी गेली तीन वर्षं वीकेंडची झोप मोडून जपानीचे क्लास करतेय. पुण्यात हे कोणाला नवलाचं वाटणार नाही, इथे दर मित्रमंडळात एक तरी जपानी शिकणारा सापडतोच. तर या वर्षी ऑफर आली, टोकियोला दोन वर्षं. टीममधल्या चौघांनी त्यासाठी देव पाण्यात ठेवले होते आणि मिळाली मला. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "विचार करून सांगते." कारण घरी सावंतवाडीला आई-बाबा दोघंच. बाबा एकाहत्तरचे, फेब्रुवारीत त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. मी एकुलती एक. त्यावर हा कूपमंडूक. वर डेडलाइन, "शुक्रवारपर्यंत सांग."

आमच्या घरात एक विचित्र शिस्त आहे. कोणी शिवी दिली, तर आधी तिचा अर्थ नीट बघायचा, मग रागवायचं की नाही ते ठरवायचं. बाबा हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवायचे, त्याचा हा परिणाम. लहानपणी वर्गात कोणीतरी गाढव म्हटलं म्हणून मी रडत घरी आले, तर बाबांनी मला आधी 'गर्दभ' शब्द चालवायला लावला होता. त्यामुळे त्या रात्री मी घरी फोन लावला.

आईने उचलला. "काय गो, जेवलंस?" हे झालं. मग तिने नेहमीप्रमाणे फोन खिडकीबाहेर धरला. पाऊस सुरू झाला की हा आमचा रोज रात्री आठचा कार्यक्रम. घरामागच्या शेतात पाणी साचलं की बेडकांचा ऑर्केस्ट्रा सुरू होतो, तो मी पुण्यात नवव्या मजल्यावर बसून स्पीकरवर ऐकते. मग बाबा आले.

"बाबा, बेडूक या शब्दाबद्दल सांगा ना. कॉलमसाठी हवंय."

खोटं बोलले. म्हणजे आता ते खरं झालंय म्हणा, तुम्ही वाचताय. पण तेव्हा खोटंच होतं. टोकियोचं मी घरी सांगितलेलंच नव्हतं.

"बेडूक?" बाबा एकदम खूश. "वही घे."

वेदातला बेडूक

पहिलाच धक्का म्हणजे बेडकाची एंट्री थेट ऋग्वेदात आहे. सातव्या मंडलातलं १०३वं सूक्त पूर्णपणे बेडकांवर. वर्षभर व्रत धरल्यासारखे गप्प पडलेले बेडूक पहिला पाऊस पडताच बोलायला लागतात. एक बोलतो, दुसरा तेच पुन्हा म्हणतो, जसं गुरूच्या मागे शिष्य पाठ म्हणतात. वाचताना मला आमचा सोमवारचा कॉन्फरन्स कॉल आठवला. तिथेही एक जण बोलतो आणि बाकीचे 'अ‍ॅज ही राइटली सेड' करत तेच पुन्हा म्हणतात. हे सूक्त पुरोहितांची थट्टा आहे की पावसासाठी प्रार्थना, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण शेवटी बेडकांकडे शेकड्यांनी गाई आणि दीर्घायुष्य मागितलंय. म्हणजे त्या काळी इन्क्रिमेंट बेडकांकडून मिळायचं!

संस्कृतात बेडकाला नावंही भरपूर. मंडूक, दर्दुर, भेक, प्लव. यातल्या मंडूकाने तर फारच लांब उड्या मारल्या. एका उपनिषदाचं नावच मांडूक्य. मुख्य उपनिषदांतलं हे सगळ्यात छोटं, जेमतेम १२ मंत्रांचं. (हे आणि 'मुंडक' वेगळं बरं का! आपल्या राजमुद्रेवरचं 'सत्यमेव जयते' आलंय ते मुंडकातून. क्विझमध्ये इथे भलेभले गळपटतात.)

आणि पाणिनीच्या व्याकरणात आहे 'मंडूकप्लुती', म्हणजे बेडूकउडी. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रं लिहिली ती इतकी काटकसरीने, की एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा लिहायचाच नाही, तो तिथे आहे असं धरून चालायचं. पण कधी कधी तो शब्द लगेचच्या सूत्रांत लागू पडत नाही, मधली दोन-तीन ओलांडून एकदम पुढे जाऊन बसतो. बेडकासारखा. आमच्या टीममधल्या पोरांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "म्हणजे हा माणूस कोडच लिहीत होता की!"

अंगातला बेडूक

आता मराठीकडे या. जिमला जाणाऱ्या मंडळींनो, तुमच्या दंडात काय आहे? बायसेप्स नाही हो, बेडकुळी! कोणी बेटकुळी म्हणतं. हात दुमडून मूठ आवळली की दंडावर टरारून जो गोळा वर येतो, तो आपल्या पूर्वजांना बसलेल्या बेडकासारखा दिसला. गंमत म्हणजे हेच बघून रोमन लोकांना उंदीर आठवला. इंग्लिशमधला 'मसल' हा शब्द ज्या लॅटिन 'मुस्कुलुस'वरून आला, त्याचा अर्थ छोटा उंदीर. तेव्हा पुढच्या वेळी आरशासमोर सेल्फी काढताना ठरवा, उंदीर दाखवायचाय की बेडूक.

अंगातला दुसरा बेडूक जेवताना वाचू नका. खाकरून जो घट्ट कफ पडतो त्याला मराठीत म्हणतात बेडका. आणि सकाळी घसा बसला की इंग्रज म्हणतो, माझ्या घशात बेडूक आहे. दोन टोकांच्या दोन भाषांना घशात सापडला तो एकच प्राणी! डॉक्टरांकडेही एक बेडूक आहे. जिभेखाली पाण्याचा फुगा आल्यासारखी गाठ येते, तिला 'रॅन्युला' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बेडकुली. योगावाल्यांचं मंडूकासन आहेच. आणि शाळेत पीटीच्या सरांनी काढायला लावलेल्या बेडूकउड्या कोण विसरेल? माझ्या गुडघ्यांना तर त्या अजून आठवतात.

स्वभावाचे बेडूकही आपल्याकडे कमी नाहीत. स्वतःची ऐपत विसरून मोठेपणा मिरवणारा दिसला की लोक म्हणतात, बेडूक कितीही फुगला तरी बैल होत नाही. निवडणुकीपुरते उगवणारे ते पावसाळी बेडूक. सकाळी या पक्षात आणि संध्याकाळी त्या पक्षात, त्या बेडूकउड्या. शाळेतल्या बेडूकउड्या शिक्षा होती, या मात्र बक्षीस मिळतं म्हणून मारतात.

बेबो आणि जम्पिंग चिकन

आमच्या कोकणच्या खालच्या टोकाला, गोव्यात शिरलात की बेडकाचा होतो 'बेबो'. हो, बेबो! करीना कपूरला घरचे बेबो म्हणतात हे पेपरात पहिल्यांदा छापून आलं असेल तेव्हा गोवेकर किती हसले असतील, विचार करा. माझी मडगावची रूममेट तर तिचा सिनेमा लागला की आजही गालात हसते.

गोव्यात बेडकाचं आणखी एक नाव होतं, 'जम्पिंग चिकन'. पावसाळ्यात रात्री बॅटऱ्या घेऊन मोठे बुलफ्रॉग पकडायचे आणि त्यांच्या तंगड्या खायच्या. हा बेडूक म्हणजे खरा हीरो. विणीच्या दिवसांत नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतो. म्हणजे सापडायलाही सोपा. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात जात. शेतातले किडे खाणारे बेडूकच संपले तर कसं, हे लक्षात आल्यावर १९८७ साली ती निर्यात बंद झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडूक पकडणं हा गुन्हा आहे. तरीही गोव्यात दर पावसाळ्यात बेडूक वाचवा म्हणून सांगावं लागतं, यावरून काय ते समजा.

आणि माझ्या घरापासून तासाभरावर आंबोली आहे. तिथे एक भेक राहतो, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. म्हणून नाव 'झँथोफ्रिन टायग्रिना'. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. जगाच्या पाठीवर तो फक्त आंबोली आणि आसपासच्या भागातच सापडतो आणि अतिसंकटग्रस्त आहे. (वीकेंडला धबधबे बघायला जाल तेव्हा घाटात रात्री गाडी हळू चालवा प्लीज. हे छोटे जीव पावसात रस्त्यावर येतात.)

मला यातली एक गोष्ट फार आवडली. हा भेक आंबोली सोडून कुठे जात नाही. पण त्याला कोणी कूपमंडूक म्हणत नाही. त्याला 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. केरळात २००३ साली जगासमोर आलेला जांभळा बेडूक तर जवळपास वर्षभर जमिनीखालीच राहतो, पावसाच्या तोंडाला काही दिवस वर येतो आणि पुन्हा खाली. वर्क फ्रॉम होमचा बादशहा! त्याचंही जगभर कौतुकच झालं. मग मी काय घोडं मारलंय?

लग्नाळू बेडूक, कॉर्पोरेट बेडूक

पाऊस लांबला की बेडकाचा भाव वधारतो. आपल्याकडे काही गावांत पोरं अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून, बेडूक घेऊन दारोदार धोंडी मागत फिरतात. घराघरांतून त्यांच्यावर पाणी ओततात. आसामात बेडकांचं लग्न लावतात, त्याला 'भेकुली बिया' म्हणतात. आणि भोपाळमध्ये २०१९ साली तर कमालच झाली. जुलैमध्ये पावसासाठी बेडकांचं लग्न लावलं. मग पाऊस इतका झाला, इतका झाला, की थांबेना. शेवटी सप्टेंबरमध्ये त्याच जोडप्याचा रीतसर घटस्फोट केला! लग्न ठरवणाऱ्यांनी, पाऊस येऊ दे म्हणून, आणि मोडणाऱ्यांनी, पाऊस जाऊ दे म्हणून. नवरा-नवरीला कोणी विचारलं नाही. अरेंज्ड मॅरेजवाल्यांना यात काही ओळखीचं वाटलं तर तो योगायोग समजावा.

लग्नावरून आठवलं. 'राजपुत्र भेटेपर्यंत बरेच बेडूक किस करावे लागतात' असं मैत्रिणी एकमेकींना समजावतात ना? तर ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या मूळ पुस्तकात राजकन्या बेडकाला किस करतच नाही. ती वैतागून त्याला भिंतीवर आपटते आणि मग त्याचा राजपुत्र होतो. कांदेपोह्यांचा कार्यक्रम बारा वेळा केलेल्या मुलींना ही मूळ गोष्ट जास्त पटेल.

ऑफिसातले बेडूक मात्र सगळे इम्पोर्टेड. ब्रायन ट्रेसी यांचं २००१ साली आलेलं 'ईट दॅट फ्रॉग' आपल्यापैकी निम्म्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. फंडा असा, की दिवसातलं सगळ्यात नकोसं काम सकाळी आधी उरकून टाका, म्हणजे बेडूक आधी गिळून टाका. दुसरा बेडूक प्रेझेंटेशनमधला. गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवलं तर त्याला कळत नाही म्हणे आणि तो उकडून मरतो. साफ खोटं! पाणी तापायला लागलं की धडधाकट बेडूक उडी मारून बाहेर पडतो. १८६९ साली गोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात जे बेडूक बसून राहिले, त्यांचा मेंदू आधी काढून टाकलेला होता. थोडक्यात, तापत्या पाण्यात बसून राहायला आधी डोकं बाजूला काढून ठेवावं लागतं. आमच्याकडे अशा काही पोस्ट्स आहेत, पण ते जाऊ दे.

आणि इंजिनीअर मित्रांनो, तुमचाही एक बेडूक आहे. विटेच्या अंगावर कंपनीचं नाव असलेला जो खड्डा असतो, त्याला 'फ्रॉग' म्हणतात. १० ते २० मिलिमीटर खोल. वीट बसवताना तो वरच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे त्यात चुना-सिमेंटचा माल नीट भरतो आणि भिंत पक्की होते. घरबसल्या भिंतीकडे बघा, आत शेकडो बेडूक आहेत!

विहीर आणि समुद्र

इतके सगळे बेडूक गोळा झाले तरी माझा बेडूक बाकीच होता. मंगळवारी रात्री मी विहिरीपाशी आले.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. विहिरीत एक बेडूक असतो. एक दिवस समुद्रातला बेडूक तिथे येऊन पडतो. विहिरीतला विचारतो, तुझा समुद्र केवढा? या टोकापासून त्या टोकापर्यंत उडी मारून म्हणतो, एवढा? पाहुणा हसतो. मग हा चिडतो, की माझ्या विहिरीपेक्षा मोठं काही असूच शकत नाही, तू खोटारडा आहेस, चालता हो. स्वामी विवेकानंदांनी १५ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत हीच गोष्ट सांगितली होती. आपापल्या धर्माच्या विहिरीत बसून प्रत्येक जण तेवढंच जग समजतो, म्हणून भांडणं होतात, असा त्यांचा मुद्दा. चिनी तत्त्वज्ञ चुआंग त्झूच्या प्राचीन ग्रंथातही विहिरीतला बेडूक आहे, तिथे त्याला भेटायला पूर्वसमुद्रातलं कासव येतं. जपानी भाषेत तर ती म्हणच झाली आहे, विहिरीतल्या बेडकाला महासागर ठाऊक नसतो. आमच्या क्लासमध्ये झाली होती. पण जपानमध्ये तिला नंतर कोणीतरी शेपूट जोडलं, 'पण त्याला आभाळाची निळाई ठाऊक असते.'

हे शेपूट सापडल्यावर मी जाम खूश झाले. मॅनेजरला मेल करायचा मसुदाही मनात तयार झाला. साहेब, तुम्ही चौदा देश फिरलात, पण दर ठिकाणी तेच हॉटेल, तोच बुफे आणि तीच प्रेझेंटेशन्स. तुमच्या सोसायटीच्या मागून वाहणारी नदी कुठली ते तुम्हाला सांगता येत नाही, मागच्याच महिन्यात तुम्ही तिला नाला म्हणालात. तुमची विहीर फक्त जरा लांब-रुंद आहे आणि तिला वायफाय आहे.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"कॉलम झाला?"

"होत आलाय."

"आणि टोकियोचं काय ठरलं?"

मी गप्प. मावसबहिणीला सांगितलं होतं मी. आमच्या खानदानात एकाला सांगणं म्हणजे ग्रुपवर टाकणंच.

मग सगळं सांगितलं. कूपमंडूकसुद्धा. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांचा तो वर्गातला आवाज आला. "अगं, गोष्ट नीट वाच. विहिरीत राहिला म्हणून बेडूक चुकला, असं त्यात कुठे आहे? तिथे जन्मला, तिथे राहिला. तो चुकला कुठे? समुद्र पाहून आलेल्याला खोटारडा म्हणाला, तिथे. म्हणजे दोष विहिरीचा नाही. दोष न ऐकण्याचा."

"म्हणजे मी कूपमंडूक नाही ना?"

"ते तुझं तू बघ. तुला जायचं नाही, तर जाऊ नकोस. तेही चांगलंच. पण आमच्यामुळे जात नाहीस, असं सांगू नकोस. आम्हाला तुझ्या विहिरीची भिंत करू नकोस."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण बाबांनी बरोबर दुखरी जागा पकडली होती. त्यांची अँजिओप्लास्टी हे माझं कारण होतं, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. मला भीती वाटत होती. क्लासमध्ये माझं जपानी फाडफाड चालतं आणि क्लायंट कॉलवर आला की घशात खरोखरचा बेडूक बसतो. इथे मी टीममधली हुशार मुलगी आहे. तिथे मी दुकानात पावतीसुद्धा न वाचता येणारी कोणीतरी असणार. इथल्या विहिरीत माझी उडी सगळ्यात लांब आहे, हे मला ठाऊक होतं. आणि ते मोजून घ्यायला समुद्र नको होता.

मॅनेजरने शब्द चुकीच्या कारणासाठी वापरला. पण शब्द तेवढा चुकीचा नव्हता.

बुधवारी क्लासला जाऊन सेन्सेईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पर्स उघडली आणि करंगळीच्या पेरापेक्षा छोटा एक हिरवा बेडूक काढून माझ्या हातावर ठेवला. जपानीत बेडकाला म्हणतात 'काएरू'. आणि 'काएरू' म्हणजेच परत येणं. उच्चार तोच. म्हणून तिकडे लोक पाकिटात छोटा बेडूक ठेवतात, गेलेला पैसा परत यावा म्हणून. आणि प्रवासाला निघताना जवळ बाळगतात, गेलेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून.

शुक्रवारी मी मॅनेजरला सांगितलं, "जाते. पण बाबांची नोव्हेंबरची तपासणी झाल्यावर. आणि दर सहा महिन्यांनी घरी यायचं तिकीट कंपनीने द्यायचं." तो म्हणाला, "बघू." (मी म्हटलं नव्हतं, पाठ झालंय?) नदीबद्दलचं मी काही बोलले नाही. तो मेलही पाठवला नाही. पण तिचं नाव मुळा आहे, हे जाता जाता सांगून टाकलं.

रात्री आईला फोन केला. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिचा आठचा फोन मला तिथे साडेअकराला येणार, हे मी तिला समजावून सांगत होते. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "थंय बेडूक असतत काय गो?"

"असतात गं आई. 'केरो केरो' ओरडतात म्हणे."

"बरां," ती म्हणाली आणि तिने फोन खिडकीबाहेर धरला.